मिस्त्रींच्या दंडावरचा पहारेकरी

वॉशिंग मशीन बिघडलं की माणूस आधी त्याची बटणं दाबून बघतो, मग त्याला लाथ मारतो आणि मग आमच्या मिस्त्रींना फोन करतो. मिस्त्री हे त्यांचं नाव नव्हे आणि आडनावही नव्हे, पण आता दारावरच्या पाटीवरसुद्धा तेच आहे, त्यामुळे पोस्टमनचाही इलाज नाही. त्यांचं दार माझ्या दारासमोर. दिवसभर दोन्ही दारं उघडी असतात. त्यांचं हवेसाठी आणि माझं बातम्यांसाठी, असं त्यांचं म्हणणं. मला ते ‘वार्ताहर’ म्हणतात. मी मनाला लावून घेत नाही, खऱ्याला काय रागवायचं?

मिस्त्री पूर्वी पंख्यांच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी घरी बसल्या बसल्या स्वतःचंच वॉशिंग मशीन उघडलं. परत बंद केलं तर काही स्क्रू उरले. मशीन मात्र चाललं. “कंपनीनंच जास्तीचे घातले होते,” असं ते आजही छातीठोकपणे सांगतात. वहिनी म्हणतात, त्या दिवसापासून ते मशीन फिरताना स्वयंपाकघरभर चालतं, म्हणून त्याला दोरीनं बांधून ठेवलंय. काही असो, धंदा तिथून सुरू झाला.

कामाला बसलेले मिस्त्री बघण्यासारखे असतात. बसलेले म्हणजे झोपलेले. जमिनीवर डाव्या कुशीवर आडवे होतात, डावा दंड खाली, दातांत टॉर्च आणि उजवा हात मशीनच्या पोटात खांद्यापर्यंत. तसे ते तासभर पडून राहतात. मधूनच आतून काहीतरी काढून बाहेर ठेवतात: बटणं, केसांच्या पिना, लहान मुलांचा एकेक मोजा. एकदा एका आजोबांची कवळी निघाली. मिस्त्रींनी ती पुसून त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “लावा बिनधास्त. हिच्याइतकी धुतलेली वस्तू या घरात दुसरी नाही.”

या माणसाला मधुमेह आहे हे सगळ्या इमारतीला माहीत. (कसं माहीत, ते विचारू नका.) इन्सुलिन सुरू होऊन बरीच वर्षं झाली. साखर तपासायला बोट टोचायचं, तर त्यांच्या बोटांना घट्टे. सुई वाकायची, पण रक्त यायचं नाही, म्हणून ते तपासायचेच नाहीत. मग एकदा दूरच्या शहरात शिकवणारी त्यांची मुलगी सुट्टीत घरी आली आणि तिच्या डोळ्यांदेखत सकाळी चहाचा कप त्यांच्या हातून पडला. घामाघूम, हात लटलट कापतायत, आणि डोळे समोर असून समोर नाहीत. साखर एकदम खाली गेली होती. वहिनींनी साखर चारली, दहा-पंधरा मिनिटांत गडी ताळ्यावर आला. पण पोरीचा चेहरा काही ताळ्यावर आला नाही. परत जाण्याआधी तिनं बापाच्या डाव्या दंडामागे सेन्सर बसवून घेतला.

सेन्सर म्हणजे कोटाच्या बटणाएवढी पांढरी टिकली. तिची केसासारखी बारीक तार कातडीखाली जाते आणि दर थोड्या वेळानं फोनवर साखरेचा आकडा येतो. शेजारी एक बाण, साखर चढतेय की उतरतेय ते सांगायला. फार खाली गेली की फोन कोकलतो. मुलीनं सेन्सर तीन फोनांना जोडला: वडिलांच्या, आईच्या आणि स्वतःच्या.

“एका माणसाच्या साखरेवर तीन पहारेकरी,” मिस्त्री म्हणाले. “तुरुंगातसुद्धा इतके नसतील.”

“तुरुंगात निदान वेळेवर जेवतात,” वहिनी म्हणाल्या.

पहारेकऱ्यानं पहिल्याच आठवड्यात इमान दाखवायला सुरुवात केली. दुपारचं जेवण व्हायच्या आधी फोन कोकलायचा. साठ. पंचावन्न. वहिनी हातातलं टाकून मिस्त्रींना फोन लावायच्या. मिस्त्रींचा हात मशीनच्या पोटात, फोन कोण उचलणार? मग वहिनींनी नवी पद्धत काढली. सकाळी निघताना नवऱ्याकडून ज्या-ज्या घरी काम असेल त्यांचे नंबर घ्यायचे आणि बोंब झाली की थेट तिथं फोन करायचा. “आमचे हे तुमच्याकडे आहेत ना? त्यांना ताबडतोब साखर द्या. नाही म्हणाले तरी द्या!”

लोक तरी बिचारे काय करणार? कुणी सरबत आणलं, कुणी बिस्किटांचा पुडा फोडला. एका वकीलबाईंनी तर मिस्त्रींचे दोन्ही पाय धरून त्यांना मशीनखालून ओढून काढलं.

“अहो बाई, मला काही होत नाहीये!”

“साखर कमी झालेला माणूस हेच म्हणतो. आ करा.”

“अहो, पण—”

“आ!”

वकिलापुढे कुणाचं चाललंय? आ केला. संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा मला म्हणाले, “वार्ताहर, आज चार घरं केली आणि चार ग्लास सरबत प्यालो. पूर्वी लोक कामाचे पैसे कमी द्यायला बघायचे, आता साखर जास्त द्यायला बघतात.”

मी हसलो. ते हसले नाहीत. कारण तिकडे मुलीच्या फोनवरही तोच भोंगा वाजत होता. ती वर्गात, समोर सगळी मुलं, आणि खिशात वडील मरणाच्या दारात. ती बाहेर येऊन फोन करायची, आई उचलायची नाही कारण आई गिऱ्हाइकाला फोन करत असायची, वडील उचलायचे नाहीत कारण ते आ करून उभे असायचे. शेवटी ती रडकुंडीला आली आणि फोनवर म्हणाली, “बाबा, बस झालं. आता तपासणी आहे ना, तोपर्यंत बघू. तेव्हाही असंच असेल तर काम बंद. मी सांगतेय म्हणून नाही, मला जगायचंय म्हणून.”

मिस्त्री “बरं” म्हणाले. पोरीला नाही म्हणायची त्यांना सवय नाही.

काम बंद म्हणजे काय हे तिला लांबून कळणं कठीण. मागे ताप आला तेव्हा मिस्त्री आठवडाभर घरात होते. त्यात त्यांनी मिक्सर उघडला, दाराची घंटी उघडली आणि माझं चांगलं चालणारं घड्याळ ‘जरा बघतो’ म्हणून नेलं. वहिनी मला म्हणाल्या होत्या, “भाऊजी, हे कायमचे घरी बसले तर एक दिवस मलाच उघडून बघतील. आणि परत लावताना काहीतरी उरेल.” आता मात्र त्या तसं काही बोलत नव्हत्या. नवरा सकाळी पिशवी उचलायचा तेव्हा त्या पिशवीकडे बघायच्या. पाहुणा जायला निघाला की त्याच्या चपलांकडे बघतात ना, तसं.

तपासणीच्या दिवशी मी बरोबर गेलो. कुणीतरी जायला हवं होतं, असं माझं मीच ठरवलं.

दवाखान्यात डॉक्टरांच्या आधी एक सिस्टर बसतात. सेन्सरचे आलेख त्या बघतात. त्यांनी फोनमधला आलेख पाहिला, हातातला रक्ताचा रिपोर्ट पाहिला, परत आलेख पाहिला.

“गंमत आहे,” त्या म्हणाल्या. “रोज साखर इतकी खाली जातेय, आणि तीन महिन्यांची सरासरी मात्र मागच्यापेक्षा वर? दोघांतलं कुणीतरी खोटं बोलतंय.”

“मी नाही,” मिस्त्री लगेच म्हणाले.

वहिनी छताच्या पंख्याकडे बघत होत्या.

“ताई?”

“मी... त्यांचं सकाळचं इन्सुलिन जरासं कमी केलंय. आपलं... थोडंसंच. रोज खाली जायची म्हणून.”

“कुणाला विचारून?”

“कुणाला विचारू? जीव टांगणीला लागला होता.”

मिस्त्रींनी बायकोकडे असं पाहिलं की जणू मशीनमधून कवळी निघालीय. सिस्टर रागावल्या, पण आवाज न चढवता. डोस मनानं हलवायचा नाही, एवढं बजावून त्या पुन्हा आलेखात शिरल्या. “हे खड्डे सगळे दुपारच्या आधीचे. आणि रविवारी एकही नाही. रविवारी काय करता?”

“कटकट,” वहिनी म्हणाल्या.

“आणि इतर दिवशी?”

“काम.”

“काम म्हणजे नेमकं कसं करता? दाखवा.”

आता वॉशिंग मशीनशिवाय ते कसं दाखवणार? मिस्त्रींनी इकडेतिकडे पाहिलं, औषधांच्या कपाटाजवळची जागा निवडली आणि झाले डाव्या कुशीवर आडवे. उजवा हात कपाटाखाली. सवयीनं तोंडही उघडलं, टॉर्चसाठी.

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “असेच पडून राहा. उठायचं नाही.”

मग काय विचारता! मिस्त्री जमिनीवर, आम्ही खुर्च्यांवर. आत येणारा प्रत्येक माणूस दचकायचा. एक आजी “अगं बाई, गेले का?” म्हणून दारातच थांबल्या. मिस्त्री कपाटाखालून ओरडले, “अजून नाही!” एका गृहस्थांनी नमस्कार केला आणि त्यांना ओलांडून वजनकाट्यावर चढले. वेळ जावा म्हणून मिस्त्रींनी कपाटाखालची गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून ओळीनं मांडली.

आणि फोनवरचा आकडा घसरायला लागला. एकशे चाळीस होता, तो एकशे दहा झाला. मग नव्वद. मग भोंगा वाजला. सिस्टरांनी तिथंच खाली बसून मिस्त्रींचा हात हातात घेतला, घट्टा नसलेली बोटाची कड शोधली, टोचली आणि रक्ताचा थेंब घेतला.

सेन्सर म्हणत होता अडुसष्ट. बोट म्हणत होतं एकशे छत्तीस.

“उठा आता,” सिस्टर म्हणाल्या. “तुम्हाला काही झालेलं नाही. तुम्ही पहारेकऱ्याच्या अंगावर झोपताय.”

मग त्यांनी समजावलं. ही टिकली रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातली मोजते. दंड दाबला गेला की तिथं ताजं पाणी पोचत नाही आणि टिकलीला वाटतं साखरच संपली. लोक झोपेत कुशीवर वळतात तेव्हाही असंच होतं. नवीन टिकलीही पहिल्या दिवशी जरा बावचळलेली असते. आणि रक्तातली साखर त्या पाण्यात उतरायला वेळ लागतो, म्हणून आकडा नेहमी थोडा मागे असतो. साखर झपाट्यानं बदलत असेल तर जास्तच मागे.

“म्हणजे पाइपावर पाय दिला की टाकीत पाणी नाही असं मशीन सांगतं, तसं,” मिस्त्री म्हणाले.

“अगदी तसंच. मशीन खोटं बोलत नाही, पाय काढायचा. टिकली यापुढे उजव्या दंडावर लावू. आणि बोट टोचायचं यंत्र कुठंय?”

“कपाटात.”

“ते हत्यारांच्या पिशवीत ठेवा. अंगाला एक वाटतंय आणि आकडा दुसरंच सांगतोय, की बोट टोचायचं. आणि नुसता आकडा वाचायचा नाही, बाणही वाचायचा.”

डॉक्टरांनी डोस होता तसा परत लावून दिला. मुलीला तिथूनच फोन गेला. ती आधी खूप हसली, मग म्हणाली, “म्हणजे इतके दिवस मी वर्गातून पळत बाहेर जायचे ते बाबा कुशीवर झोपले होते म्हणून?” काम बंद करायचा विषय कुणी काढला नाही. येताना मिस्त्रींनी आम्हाला चहा पाजला. स्वतः बिनसाखरेचा घेतला, पण ऐटीत.

आता माणसाचा स्वभाव बघा. ज्याच्यावर कालपर्यंत देवासारखा विश्वास, तो एकदा चुकला की आज तो चोर. टिकली उजव्या दंडावर गेली, दुपारचे भोंगे बंद झाले, तरी वहिनी फोनकडे बघेनात. “त्या बटणाला काय कळतंय!” मिस्त्री तर टिकलीला ‘आगाऊ’ म्हणायला लागले. पिशवीत बोट टोचायचं यंत्र मात्र वहिनींनी आठवणीनं ठेवलं, पान्यांच्या शेजारी.

मग एके दिवशी मिस्त्री एका निवृत्त बसड्रायव्हरच्या घरी गेले. लिफ्ट बंद, मशीनची मोटर खांद्यावर, घर सगळ्यात वर. मोटर वर नेली, मशीनमधली जुनी काढली, आणि जेवायची वेळ टळून गेली. इकडे वहिनींनी फोन केला. मी दारातच होतो, म्हणून ऐकलं.

“अहो, किती वाजले? जेवणार कधी?”

पलीकडून मिस्त्री काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पण वहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी फोनवर आकडा बघितला. शहाण्णव.

“भाऊजी, स्कूटर काढा.”

“का? शहाण्णव तर चांगला आकडा आहे की!”

“ते म्हणाले, ‘बरोबर आहे तुझं, माझंच चुकलं.’”

मी किल्ली घेतली. या माणसानं लग्न झाल्यापासून हे वाक्य कधी उच्चारलेलं नाही. स्क्रू उरले तेव्हाही नाही.

स्कूटरवर मागे बसून वहिनींनी पुन्हा फोनकडे पाहिलं तेव्हा बाण त्यांच्या ध्यानात आला. सरळ खाली, विहिरीत सोडलेल्या बादलीसारखा. त्यांनी ड्रायव्हरकाकांना फोन लावला. एरवी कोकलणाऱ्या वहिनी, पण आवाज असा शांत की मलाच भीती वाटली. “काका, आमचे हे कसे दिसतायत?”

“अहो, मी तुम्हालाच फोन करणार होतो. मघापासून एकच स्क्रू आवळतायत आणि तोच सैल करतायत. घाम बघा किती!”

“त्यांना धरून बसवा. शुद्धीत आहेत ना? गिळतायत ना? मग आधी साखरेचं पाणी पाजा. त्यांच्या पिशवीत लाल डबी आहे, त्यातल्या यंत्रानं बोट टोचा. कडेला टोचा, मधे घट्टा आहे.”

बोट म्हणालं बावन्न.

आम्ही पोचलो तेव्हा मिस्त्री भिंतीला टेकून बसले होते, शर्ट पिळून काढावा इतका ओला, हातात रिकामा पेला. ड्रायव्हरकाका म्हणाले, “गाडी खड्ड्यात जायच्या आधी ब्रेक लागला, बाई.” वहिनी खाली बसल्या आणि रुमालानं नवऱ्याचं कपाळ पुसलं, मग मान, मग उगाचच हातसुद्धा, ते कोरडे झाले होते तरी.

आणि तेव्हा कुठे टिकलीला जाग आली. तिन्ही फोनांवर भोंगा सुरू झाला! वरातीमागून घोडं. वहिनींनी आधी मुलीला फोन लावून सांगितलं, “साखर दिलीय, मी इथंच आहे, चढतेय आता. बाकी संध्याकाळी.” थोड्या वेळानं पुन्हा टोचलं. शंभराच्या वर. मिस्त्रींनी डोळे उघडून आमच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, “तू कशाला आलास? बातमी जुनी झाली.” वहिनी तेव्हा रडल्या.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होतो. मिस्त्रींनी हत्यारांची पिशवी नेहमीसारखी दाराशी न ठेवता कपाटावर चढवली होती. कुणी सांगितलं नव्हतं. ते खुर्चीत बसून स्वतःच्या हातांकडे बघत होते.

“खोटा भोंगा होता तेव्हा मला राग यायचा,” ते म्हणाले. “आज खरं झालं आणि मला कळलंसुद्धा नाही. मी त्या घरात काय बोललो तेही आठवत नाही. उद्या कुणाच्या घरी विजेच्या तारेला हात लावला तर?”

मुलीचा फोन आला. वहिनींनी नवऱ्याला खूण केली की मी बोलते, जरा सौम्य करून सांगते. मिस्त्रींनी फोन काढून घेतला.

“सगळं सांगतो,” ते म्हणाले. “जेवलो नव्हतो. मोटर घेऊन जिने चढलो. घाम आला तेव्हा वाटलं जिन्यामुळे आला. आकडा बघितला, शहाण्णव होता, म्हणून फोन खिशात टाकला. बाण बघितला नाही. बोट टोचलं नाही. यंत्र पिशवीत होतं, हाताच्या अंतरावर. तुझ्या आईनं ओळखलं म्हणून निभावलं. तू म्हणत होतीस ते बरोबर आहे. मी काम बंद करतो.”

 मला वाटलं, झालं, आता कपाटावरची पिशवी तिथंच राहणार. वहिनींनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

“बाबा,” मुलगी म्हणाली, फोन मोठ्या आवाजावर होता, “तुमची साखर कामावरच खाली जाते का? माझ्यासमोर गेली तेव्हा तुम्ही घरात होतात. खुर्चीत बसला होतात.”

मिस्त्रींनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

“घरी बसवून मला वाटलं असतं की तुम्ही सुरक्षित आहात. खोटंच वाटलं असतं. मला पूर्वी भीती कशाची होती माहितीये? तुम्ही मला कधी खरं सांगत नाही याची. विचारलं की ‘मी मजेत.’ आकड्याला विचारलं तर तो कधी मागे, कधी भलतंच सांगणार. आज पहिल्यांदा तुम्ही सगळं सांगितलंत. असं सांगणार असाल तर जा कामाला. जेवून जा. जड काही उचलण्याआधी टोचा. आणि ज्या घरी जाल तिथं गेल्यागेल्या सांगा की मला मधुमेह आहे, मी वेड्यासारखा वागलो तर साखर द्या.”

“लोक म्हणतील, कसा मिस्त्री बोलावला!”

“म्हणू देत. तुम्ही नाहीतरी कुठे शहाण्यासारखे वागता?” वहिनी मधेच म्हणाल्या.

तिकडे हसू ऐकू आलं. मग मुलगी जरा थांबून म्हणाली, “एक विचारू? तो भोंगा माझ्या फोनवरून काढून टाकू का? इतक्या लांबून मी तसंही काय करणार? आई आहे, तुमच्याकडे यंत्र आहे. खरा-खोटा कुठला ते मला इथून कळत नाही, आणि तुम्हालाही उगाच दर वेळी माझ्या फोनचा त्रास होतो.”

मिस्त्रींनी एकदा बायकोकडे पाहिलं. नंतर माझ्याकडे, मी खिडकीबाहेर बघायला लागलो, असल्या वेळी मलाही कळतं.

“नको,” ते म्हणाले. “राहू दे. खोटा वाजला तरी तुझा फोन येतो.”

वहिनींनी पिशवी कपाटावरून खाली काढली.